नावाची पट्टी आणि विकणाऱ्याचा शब्द

गेल्या वर्षी आमच्या नात्यात एका पर्सवरून जो अबोला सुरू झाला, तो अद्याप संपलेला नाही. ठाण्याला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला तिच्या लंडनच्या नणंदेने काही वर्षांपूर्वी एका प्रख्यात फ्रेंच पेढीची चामड्याची पर्स भेट दिली होती. शाळेत शिकवणाऱ्या बाईला अशी पर्स मिरवण्याचे प्रसंग तरी कितीसे येणार? ती कपाटात सुती पिशवीत गुंडाळून पडून राहिली. पुढे घराच्या दुरुस्तीचा खर्च निघाला तेव्हा तिने ती धाकट्या दिराच्या मुलीला ४०,००० रुपयांना विकली. दोन महिन्यांनी पुतणी पर्स घेऊन परत आली. मुंबईतल्या कुणा दुरुस्तीवाल्याने ती ‘डुप्लिकेट’ ठरवली होती. “काकू, बिल असेल ना?” “अगं, भेटीचं कुठलं बिल?” या दोन वाक्यांपलीकडे संभाषण गेले नाही. मावसबहिणीने पैसे परत केले. नंतर दुसऱ्या एका जाणकाराने तीच पर्स अस्सल असल्याचा निर्वाळा दिला, पण तोवर बोलायचे ते बोलून झाले होते आणि न बोलायचे तेही.

या प्रकरणात मला नवल वाटले ते एका गोष्टीचे. वाद पर्सचा होता आणि पर्सकडे फारसे कुणी पाहतच नव्हते. शिवण कशी आहे, चामडे कसे आहे, हे कुणी विचारले नाही. सगळे जण कागद शोधत होते. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना हस्तलिखिताचा कागद, शाई, अक्षरवळण आणि शेवटची पुष्पिका पाहायला सांगतो, पण पुष्पिका खोटी असू शकते हेही त्याच तासाला सांगतो. वस्तूच्या अंगावरची खूण आणि वस्तूविषयी कुणी दिलेली साक्ष हे दोन वेगळे पुरावे आहेत, आणि त्यांचे नेहमी जमतेच असे नाही.

आपल्या वाङ्मयपरंपरेत या प्रश्नाचे एक फार जुने नाट्यरूप आहे आणि ते आपण वर्गात शिकवतो, पण त्याकडे या नजरेने पाहत नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकाच्या प्रवेशकात एक धीवर पकडला जातो. रोहित माशाच्या पोटात सापडलेली, राजाचे नाव कोरलेली अंगठी तो विकायला निघालेला असतो. नाव कोरलेली वस्तू आणि ती विकणारा सामान्य माणूस, एवढ्यावरूनच रक्षक त्याला चोर ठरवतात आणि त्याच्या फाशीची तयारी मनातल्या मनात करूनही टाकतात. अंगठी खरी आहे याविषयी कुणालाच शंका नाही. शंका आहे ती माणसाविषयी. त्याच्या आदल्या अंकात याच्या नेमके उलट घडलेले असते. शकुंतला स्वतः खरी आहे, पण तिच्या बोटात अंगठी नाही, म्हणून भर सभेत तिचा शब्द खोटा पडतो. खूण जवळ नसलेली खरी व्यक्ती आणि खूण जवळ असूनही संशयित ठरलेला प्रामाणिक माणूस: कालिदासाने दोन लागोपाठच्या अंकांत या दोघांना उभे केले आहे. धीवर सुटतो तो त्याच्या युक्तिवादाने सुटत नाही. अंगठी ज्याच्या नावाची, त्या राजाने ती ओळखली म्हणून तो सुटतो. (बक्षिसाचा अर्धा वाटा रक्षकांच्या हवाली होतो, ही व्यवहारातली बारीक नोंदही कालिदास विसरत नाही.)

नावाच्या वस्तूची खाजगी विक्री आणि तिच्या खरेपणावरून होणारे तंटे यांचा अर्वाचीन इतिहास मात्र पॅरिसमध्ये घडला आहे. त्याचा पहिला धागा, योगायोगाने, आपल्या काश्मीरमधून गेलेला आहे.

नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेनंतर (१७९८-१८०१) काश्मिरी शाल पॅरिसच्या उच्चभ्रू जीवनात शिरली. सम्राज्ञी जोसेफीनला तिचे विलक्षण वेड होते. प्रुदाँने १८०५ मध्ये काढलेल्या तिच्या चित्रात लाल शाल दिसते, तर अँग्रने १८०६ मध्ये काढलेल्या मादाम रिव्हिएरच्या चित्रात शालीनेच अर्धे चित्र व्यापले आहे. पुढे श्रीमंत वधूला वराकडून येणाऱ्या भेटींमध्ये काश्मिरी शाल असणे हा रिवाज झाला. म्हणजे शाल ही वस्त्र तर होतीच, पण त्याबरोबर बाईच्या हातातली ठेवही होती, आपल्याकडे पाटल्या-बांगड्या असतात तशी. आणि ठेव म्हटली की अडचणीच्या वेळी ती मोडणे आलेच.

ही मोड करणाऱ्या बायकांचा पॅरिसमध्ये एक वर्गच होता. त्यांना ‘मार्शांद आ ला त्वालेत’ म्हणत. घरोघर जाऊन जुन्या रेशमी पोशाखांची, लेसची, शालींची गुपचूप खरेदी-विक्री करणाऱ्या, प्रसंगी व्याजाने पैसे देणाऱ्या या बायका बाल्झाकच्या कादंबऱ्यांत वारंवार भेटतात, आणि तो त्यांच्याविषयी फारसे चांगले बोलत नाही. आपल्याकडची बोहारीण त्यांची दूरची बहीण म्हणता येईल, पण फरक मोठा आहे. बोहारणीला वस्त्राच्या मूळ घराण्याशी कर्तव्य नसते, ती कापडाचा टिकाऊपणा पाहून भांडे देते. जुन्या जरीच्या साड्या घेणारे तर त्याहून रोखठोक. ते जर जाळून आतली चांदी काढतात. त्या कसोटीत वाद उरत नाही, मात्र साडीही उरत नाही. पॅरिसच्या बाईला शाल शाबूत ठेवून तिचा खरेपणा पटवायचा होता, आणि तिथेच सगळी अडचण होती.

कारण काश्मिरी शालीवर विणकराचे नाव शोधून सापडणारे नव्हते. श्रीनगरात तिच्यावर सरकारी छाप पडे, पण ती कराची. ‘दाग-शाल’ नावाचे खातेच त्यासाठी होते, आणि त्याच्या जाचाला कंटाळून २९ एप्रिल १८६५ रोजी झालडगर येथे जमलेल्या विणकरांवर सैन्य घालण्यात आले. त्यात अनेक जण मेले. ज्या वस्तूच्या अस्सलपणावरून पॅरिसच्या दिवाणखान्यांत चर्चा झडत होत्या, तिच्या कर्त्यांची ही अवस्था. तेव्हा खरी शाल ओळखायची ती हाताने आणि डोळ्याने. कानी विणीत प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या छोट्या काडीवर असतो आणि तो आपल्या जागेपुरताच फिरतो. जॅकार्ड मागावर विणलेल्या फ्रेंच किंवा पेझ्लीच्या नकलेत धागा पाठीमागून आडवा जातो आणि मग कापला जातो. म्हणून शाल उलटी करायची. शिवाय काश्मिरी शाल पुष्कळदा तुकड्यातुकड्यांनी विणून रफूगाराने जोडलेली असे. तेव्हा जोड दिसला तर तो दोष न मानता अस्सलपणाची खूण मानावी लागे. पुढे फ्रेंच व्यापाऱ्यांचे अडत्ये खुद्द श्रीनगरात जाऊन बसले आणि पॅरिसच्या आवडीचे नमुने तिथल्या विणकरांकडून विणून घेऊ लागले. आता काश्मीरमध्ये हाताने विणलेली पण फ्रेंच नक्षीची शाल कोणत्या रकान्यात टाकावी? हा प्रश्न मला आजच्या कुठल्याही हँडबॅगेपेक्षा गुंतागुंतीचा वाटतो.

बहुतेक गिऱ्हाइकांना वीण वाचता येत नसे. मग वस्तूऐवजी गोष्ट विकली जाई. बाल्झाकची ‘गोदिसार दुसरा’ ही १८४४ ची छोटी कथा या दृष्टीने फार मोलाची आहे. शालींच्या दुकानात कशानेच समाधान न होणारी एक इंग्रज बाई येते. शेवटी मुख्य विक्रेता एक शाल काढतो आणि सांगतो की, सुलतान सेलीमने नेपोलियनला पाठवलेल्या शालींपैकी ही एक असून ती सम्राज्ञी जोसेफीनकडे होती. बाई शाल घेते. खपत नसलेली शाल खपवण्याची ती दुकानाची नेहमीची युक्ती होती, हे वाचकाला नंतर कळते. इथे वापरलेपणा हा कमीपणा राहत नाही, किंमत त्यानेच वाढते. आणि ती वाढ संपूर्णपणे एका माणसाच्या तोंडी साक्षीवर उभी आहे, जी साक्ष तपासण्याचे साधन गिऱ्हाइकाजवळ नाही. फ्लोबेरच्या ‘सेंटिमेंटल एज्युकेशन’मध्ये (१८६९) तर शालीच्या बिलावरूनच नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण बायकोच्या ध्यानात येते. बिल खरे बोलते, पण ते कुणाच्या बाजूने बोलेल याचा नेम नसतो.

या शालींच्या जगातूनच नावाची पट्टी जन्माला आली, ही गोष्ट इतिहासात मला सर्वांत रोचक वाटते. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा लिंकनशायरमधल्या बोर्न गावचा इंग्रज मुलगा (जन्म १८२५) पॅरिसमध्ये ‘गाजलँ’ या पेढीत लागला, ती पेढी रेशमी कापड आणि काश्मिरी शालींसाठीच प्रसिद्ध होती. तिथे शाली अंगावर घेऊन गिऱ्हाइकांना दाखवणाऱ्या मारी व्हेर्ने या मुलीशी त्याने पुढे लग्न केले. १८५८ च्या सुमारास बोबेर्ग या स्वीडिश भागीदारासह त्याने र्‍यू द ला पे या रस्त्यावर स्वतःची पेढी काढली, आणि तिथल्या पोशाखांच्या आतल्या कमरपट्टीवर पेढीचे नाव येऊ लागले. पुढे ते चित्रकाराच्या सहीसारखे वळणदार झाले. ज्याची उमेदवारी बिननावाच्या वस्तू विकण्यात गेली, त्याने वस्तूला नाव दिले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर काश्मिरी शालीची फ्रेंच बाजारपेठ जवळजवळ संपली, आणि वर्थच्या पट्टीचे युग सुरू झाले.

आमच्या विषयातले उदाहरण द्यायचे तर ही नाममुद्राच. ‘तुका म्हणे’ एवढे दोन शब्द शेवटी आले की अभंग तुकोबांचा, असे मानण्याची सोय झाली. आणि नेमक्या त्याच सोयीमुळे इतरांच्या रचनाही त्या मुद्रेखाली गाथेत शिरू शकल्या. मुद्रा जितकी सुटसुटीत, तितकी ती उसनी घ्यायला सोपी.

पट्टीचेही तेच झाले. ती चार टाक्यांची असते, उसवता येते, दुसऱ्या कपड्याला लावता येते आणि नुसती विणूनही विकता येते. मार्च १९१३ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या अमेरिकी मासिकात सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स या शोधपत्रकाराने पॅरिसच्या खोट्या पट्ट्यांवर लेख लिहिला, तो वाचकांनी मिळाल्यास जरूर वाचावा. त्याच वर्षी पॉल प्वारे अमेरिकेत गेला आणि त्याला तिथल्या दुकानांत आपल्या नावाच्या टोप्या आणि पोशाख मांडलेले दिसले, जे त्याने कधी केलेच नव्हते. परत आल्यावर १९१४ मध्ये त्याने इतर पेढ्यांना घेऊन हितसंरक्षक संघ काढला. गंमत अशी की, तीन-चार वर्षांतच त्याने अमेरिकेसाठी स्वस्त पोशाखांची एक मालिका काढली आणि तिला ‘अधिकृत नक्कल’ अशा अर्थाची पट्टी लावली. आता पाहा, जिने असा पोशाख घेतला आणि पुढे मैत्रिणीला विकला, तिने काय सांगायचे? ‘प्वारेचा’ म्हटले तर पूर्ण खरे नाही, ‘नकली’ म्हटले तर स्वतः प्वारेच ते नाकारील.

मादलेन व्हिओने हिने या प्रश्नाला सर्वांत गंभीर उत्तर दिले असे माझे मत आहे. १९२० च्या दशकात तिच्या पोशाखावरील पट्टीवर सहीबरोबर अंगठ्याचा ठसा आणि क्रमांक येऊ लागला. (जाता जाता: जगातले पहिले बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाले. आपल्याकडे अंगठा हा निरक्षराचा, पॅरिसमध्ये तो कलावंताचा ठरला.) पण माझ्या मते ठशापेक्षा महत्त्वाची होती ती तिची नोंद. प्रत्येक नमुन्याची समोरून, पाठीमागून आणि बाजूने छायाचित्रे घेऊन ती संग्रहवह्यांत चिकटवली जात. अशा ७५ वह्या, सुमारे १२० पोशाख आणि बेतण्याचे शेकडो नमुने तिने १९५२ मध्ये दान केले आणि ते आज पॅरिसच्या म्युझे दे आर देकोरातीफमध्ये आहेत. म्हणजे एखाद्या आजीच्या पेटीत सापडलेला झगा आज त्या वहीतल्या छायाचित्राशी ताडून पाहता येतो. ही खरी पाठचिकित्सा: एका प्रतीचा दुसऱ्या, स्वतंत्र प्रतीशी मेळ. आणि ती वही आज पेढीच्या तिजोरीत नाही, संग्रहालयात आहे.

इतर पेढ्या या वाटेने गेल्या नाहीत. लुई व्हितोंच्या पेढीने १८८८ मध्ये चौकटीचे आणि लुईच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये त्याचा मुलगा जॉर्ज याने आद्याक्षरांचे कापड काढले, ते नकलांना आळा घालायलाच. आज जगातल्या सर्वाधिक नकललेल्या नक्षींमध्ये त्याच अक्षरांची गणना होते. शनेल पेढीने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हँडबॅगेच्या आत अनुक्रमांकाची चिकटपट्टी आणि बरोबर तोच क्रमांक असलेले कार्ड देण्यास सुरुवात केली. कार्ड बॅगेपासून वेगळे होऊ शकते, हरवू शकते, आणि अर्थातच स्वतंत्रपणे विकलेही जाऊ शकते. २०२१ मध्ये कार्ड बंद होऊन आत एक चिप बसवलेली धातूची पट्टी आली. ती चिप काय सांगते हे वाचण्याची गुरुकिल्ली पेढीकडे असते, मालकिणीकडे नसते.

इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या सर्व खुणा कर्त्याने नकलाकाराविरुद्ध उभारल्या. पहिल्या विक्रीनंतर वस्तू जिच्या हाती गेली, तिने उद्या ती विकायची म्हटले तर तिच्या हाती काय असावे, याचा विचार यांपैकी कुठल्याही खुणेच्या मुळाशी नव्हता. वास्तविक कायदा बहुतेक देशांत तिच्या बाजूचा आहे. एकदा विकलेली अस्सल वस्तू मालकाने पुन्हा विकण्यास व्यापारचिन्हाचा धनी सहसा हरकत घेऊ शकत नाही. पण सगळे घोडे ‘अस्सल’ या विशेषणापाशी अडते. आणि तिथे विकणारीवर दुहेरी भार येतो. आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही कलम १५ असे सांगते की, वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे. विकणारी दुकानदार असो वा घरगुती बाई, हे कलम दोघींना सारखेच लागू. म्हणजे ‘अमुक पेढीची’ हे शब्द तोंडातून गेले की त्यांचे उत्तरदायित्व तिचे. प्रामाणिक अज्ञान हा तिथे फारसा आधार होत नाही.

दूरच्या, अनोळखी माणसांना वस्तू विकण्याची सोय झाल्यावर हा तंटा हजारपटीने वाढला. टिफनी या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यांनी २००४ मध्ये ईबेवर दावा लावला. त्यांनी स्वतः नमुन्यादाखल तिथून दागिने विकत घेतले, तेव्हा सुमारे ७३ टक्के नकली निघाल्याचे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने त्या पाहणीच्या पद्धतीत दोष काढले, तरी नकली माल पुष्कळ होता हे मान्य केले. मला महत्त्वाची वाटते ती टिफनीची एक मागणी. एकाच विक्रेत्याने पाच किंवा अधिक टिफनी वस्तू मांडल्या तर त्या नकलीच समजाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्या विधवेने नवऱ्याने पाच वाढदिवसांना दिलेले पाच दागिने विकायला काढले असते तर? धीवराला पकडणाऱ्या रक्षकांचा तर्क याहून वेगळा नव्हता. न्यायालयाने जुलै २००८ मध्ये आणि अपिलात एप्रिल २०१० मध्ये टिफनीचा मूळ दावा मान्य केला नाही. आपले चिन्ह जपण्याचा भार प्रथम चिन्हाच्या धन्यावरच आहे, असे ठरले. त्याच २००८ सालच्या जूनअखेर पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने मात्र लुई व्हितों आदी पेढ्यांच्या बाजूने ईबेला ३.८६ कोटी युरोंचा भुर्दंड ठोठावला होता (तो अपिलात बराच कमी झाला). दोन आठवड्यांच्या अंतराने, दोन शहरांत, एकाच प्रश्नाला दोन उत्तरे.

शनेलने २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड’ या जुन्या फॅशनवस्तू विकणाऱ्या दुकानावर केलेला दावा याहून सूक्ष्म आहे. त्यातल्या काही बॅगांवरचे अनुक्रमांक इटलीतल्या एका पुरवठादार कारखान्यातून चोरीला गेलेल्या क्रमांकांपैकी होते, आणि शनेलने ते आपल्या नोंदींत रद्द केले होते. बॅग कुठल्या हाताने, कुठल्या चामड्यातून शिवली गेली हा प्रश्न बाजूलाच राहिला. पेढीच्या संगणकात तो क्रमांक जिवंत आहे की मृत, यावर तिचे खरेखोटेपण आले. त्याच दाव्यात दुकानात मांडणीसाठी बनवलेल्या, विक्रीसाठी कधीच नसलेल्या शनेलच्या वस्तूंचाही वाद होता. ती वस्तू पेढीसाठीच बनलेली, नाव पेढीचे, तरीही पेढी म्हणणार की, ती आम्ही कधी विकलीच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने शनेलच्या बाजूने कौल देऊन ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली.

निकाल चूक होता असे मला म्हणायचे नाही. दुकान व्यापारी होते, आणि विकताना अस्सलपणाची हमी देत होते. पण या निकालामागची धारणा मला अस्वस्थ करते. वस्तू खरी की खोटी हे सांगण्याचा अधिकार फक्त कर्त्याला, आणि कर्ता तर जुन्या वस्तूंच्या विक्रीत स्वतः हितसंबंधी. जुनी बॅग स्वस्तात मिळाली की नवीचे एक गिऱ्हाईक कमी होते. साहित्यात आपण हे मान्य केले आहे का? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती उपलब्ध पाठ ताडून. मूळ कर्ता तर सांगायला नव्हताच. तरी आपण ती प्रमाण मानली, कारण तिच्यामागे वाचनाची शिस्त होती. खुद्द लेखकानेच पुढे नाकारलेल्या रचनाही आपण त्याच्याच नावावर ठेवतो, आणि त्याचे कारण देऊ शकतो.

या संदर्भात पहिल्या ‘बर्किन’ बॅगेची हकीकत सांगण्याजोगी आहे. एर्मेस पेढीने अभिनेत्री जेन बर्किनसाठी १९८४-८५ च्या सुमारास बनवलेली मूळ बॅग तिने १९९४ मध्ये एड्सविषयक मदतीसाठी विकायला दिली, २००० मध्ये ती एका संग्राहक बाईंकडे गेली, आणि जुलै २०२५ मध्ये सदबीजच्या पॅरिसच्या लिलावात तिला ८६ लाख युरो मिळाले. आता ही बॅग पुढच्या सगळ्या बर्किन बॅगांच्या नियमात बसत नाही. तिचा खांद्याचा पट्टा पक्का जोडलेला आहे, कड्या बंद आहेत, मापही नेहमीचे नाही. फडकीवर जे. बी. अशी अक्षरे आहेत, कधीकाळी लावलेल्या स्टिकरांचे डाग आहेत, आणि साखळीला चक्क नखे कापायचे कटर लटकवलेले आहे. कुणा अनाम बाईने हीच बॅग कागदांवाचून एखाद्या दुरुस्तीवाल्यापुढे ठेवली असती, तर ठोकताळ्यांच्या यादीवर बोट ठेवून त्याने ती पहिल्या मिनिटाला नकली ठरवली असती. तिला तारले ते तिच्या मालकीच्या सलग परंपरेने, आणि डागांनी. तिच्या बाबतीत वापरलेपणा हाच पुरावा झाला. जोसेफीनच्या शालीची थाप आणि बर्किनची खरी हकीकत यांत तसे पाहिले तर कथेचा साचा एकच आहे. फरक एवढाच की, दुसरीतली प्रत्येक पायरी कुणीतरी स्वतंत्रपणे पाहिलेली, टिपलेली होती.

सामान्य बाईच्या वस्तूची अशी टिपणे कोण ठेवतो? भेटीचा कागद नसतो. नणंदेने लंडनला कुठल्या दुकानातून, की तिनेही कुणाकडून जुनीच घेतली होती, हे विचारणे म्हणजे भेटीचा अपमान. आणि न विचारले तर पुढच्या विक्रीत आपलाच शब्द अडकलेला. माझ्या मावसबहिणीने नंतर मला ती पर्स दाखवली. मी तज्ज्ञ नाही, तरी सवयीने उलटी करून आतली शिवण पाहिली. टाके तिरके आणि सारखे होते. आतल्या कप्प्यात शाळेच्या सहलीच्या पावतीचा तुकडा होता, तारखेसह, सात वर्षांपूर्वीचा. “हे पुतणीला दाखवलंस का?” मी विचारले. “ती पावती सहलीची आहे रे,” ती म्हणाली, “पर्सची नाही.” आणि तिने ती परत त्याच कप्प्यात ठेवली.